एका ठोक्याचे मिलिसेकंद किती?

साठ हजार भागिले टेम्पो. मिनिटाला १२० ठोके पडत असतील तर दोन ठोक्यांमधलं अंतर ५०० मिलिसेकंद, त्याच्या निम्मे २५०. गाण्याच्या लयीवरून इकोची वेळ काढायचं शास्त्र ते एवढंच, चौथीतल्या पोराला जमणारं. तरीही हा भागाकार आयता करून देणारी कॅल्क्युलेटरं फोनवर आणि संगणकावर ढिगानं मिळतात. त्यातलं कुठलं घ्यावं यावर माणसं खल करतात, प्रसंगी भांडतात. असं एक भांडण सोलापुरात मामा-भाचीत झालं आणि मी ते बसून ऐकलं. भागाकारावर दोघांचं एकमत होतं. ठोका कशाला म्हणायचं, इथं गाडी अडली.

मामांची साऊंड सर्व्हिस आहे. लग्नं, सप्ताह, जयंती, गणपती. जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा, म्हणजे आपला गड्डा भरला, की होम मैदानाच्या आसपासचे कार्यक्रम. भाची माडीवरच्या खोलीत लॅपटॉपवर एफएल स्टुडिओत गाणी बांधते. घर पूर्व भागात, भिंतीपलीकडं यंत्रमाग, त्यामुळं गळ्याचं रेकॉर्डिंग माग बंद असेल तेव्हाच. मैत्रिणीच्या आवाजात तिनं देवीचं एक गाणं केलंय, दादऱ्यात, हलगी आणि संबळ घालून. मंडळाच्या चैत्रातल्या कार्यक्रमात तेच गाणं स्टेजवर म्हणायचंय, साऊंड अर्थात मामांचा. लॅपटॉपवर बसलाय तोच इको मैदानात पाहिजे, असा तिचा हट्ट.

भाची : मला लॅपटॉपवर कॅल्क्युलेटर लागतच नाही, मामा. प्लगइनला सिंक लावलं की टेम्पो बदलला तरी इको मागोमाग येतो. तुमच्या मशीनला मात्र मिलिसेकंदच टाकावे लागतात. म्हणून म्हणते, फोनवर एक नीट कॅल्क्युलेटर घेऊन ठेवा.

मामा : मशीनला मिलिसेकंद कळतात, मला ठेका कळतो. गायक सुरू झाला की मी बटण फिरवतो आणि त्याच्या तोंडाकडं बघतो. शब्दावर शब्द चढायला लागला की मागं घेतो. ह्यात तुझं कॅल्क्युलेटर कुठं बसवू?

भाची : बटण फिरवून होईतोवर पहिलं कडवं संपतं.

मामा : संपू दे की. पहिल्या कडव्यात लोक सतरंजीवर जागा धरत असतात.

मामा एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी पोटमाळ्यावरून जुना ॲम्प्लिफायर उतरवायला लावला ("सावकाश घे बे, कोपरा लागंल," हे मदतनीस पोराला). पुढच्या पट्टीवर इकोचं बटण, आणि बटणाच्या भोवती चिकटपट्टीवर निळ्या पेननं केलेल्या खुणा. एका खुणेपाशी ‘निवेदक’, पुढं ‘लावणी’, अगदी टोकाला ‘कव्वाली’. आकडा एकही नाही. भाचीनं स्क्रू काढून झाकण उघडलं आणि आतली पाटी उजेडात धरली.

भाची : ही बघा. पीटी २३९९. सोळा पायांची चिप. स्वस्तातल्या कराओके मशीनमधे, इकोवाल्या ॲम्प्लिफायरमधे बहुतेक हीच सापडते. तुमचं बटण म्हणजे हिच्या एका पायाला जोडलेला रेझिस्टर. साधारण ३० मिलिसेकंदांपासून ३४० पर्यंत जाते. त्याच्या पुढं ओढलं की खरखर.

मामा : खरखरती, हे चिपचं नाव माहीत नव्हतं तेव्हाही माहीत होतं.

भाची : पण का कव्वाली टोकाला, ते माहीत नव्हतं ना?

मामा गप्प बसले, पण हरल्यासारखे नाही. ३४० चा हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो. मिनिटाला ९६ ठोक्यांचं गाणं धरा. पूर्ण ठोका ६२५ मिलिसेकंदांचा, अर्धा ३१२.५ चा. अर्धा या डब्यात बसतो, पूर्ण बसत नाही. पूर्ण ठोक्याचा इको पाहिजे असेल तर गाणं १७६ च्या वर पळवावं लागेल. म्हणजे शब्दाला चिकटून येणाऱ्या ज्या इकोला आपण मंडपाची चव म्हणतो, तिच्यात गायकांच्या आवडीइतकाच या चिपचाही हात आहे. त्याआधी टेपचे इको होते. रोलंडचा स्पेस इको, आरई-२०१, १९७४ साली बाजारात आला. त्यात टेपचं वेटोळं फिरतं, एक हेड आवाज लिहितं, पुढची हेडं तो वाचतात. दोन हेडांमधलं अंतर भागिले टेपचा वेग, ही इकोची वेळ. सेकंदाला साडेसात इंच वेगानं पळणाऱ्या टेपवर एक इंचाचं अंतर म्हणजे १३३ मिलिसेकंद. मोटर हळू केली की इको लांबतो. तिथंही भागाकारच, फक्त तो लोखंडात केलेला.

मामा : माझ्या उस्तादांकडं ऑर्केस्ट्रात तसलं मशीन होतं. ते म्हणायचे, कानानं लाव, डोळ्यानं बघू नको.

भाची : उस्तादांच्या मशीनवर बघायला आकडे होते का?

मामा : नव्हते.

भाची : मग.

या ‘मग’वर चहा आला.

भाचीनं फोनवर दोन कॅल्क्युलेटरं उघडली होती. दोन्हींत नमुना म्हणून ९३ टाकलं. एकानं ६४५ दाखवलं, दुसऱ्यानं ६४५.१६१२९. तिचा कल अर्थातच दुसऱ्याकडं. मामांनी फोन हातभर लांब धरून वाचला.

मामा : ह्यात खोटं कोण बोलतंय?

भाची : पहिलं अर्धवट बोलतंय. प्रत्येक ठोक्याला ०.१६ मिलिसेकंद खातंय. गाणं चार मिनिटांचं, म्हणजे ३७२ ठोके. शेवटपर्यंत ६० मिलिसेकंदांची चूक झाली की! तेवढी तर कुणालाही ऐकू येईल.

हिशोब बरोबर आहे, निष्कर्ष नाही. इथं मी तोंड घातलं, कारण कॅल्क्युलेटर निवडताना जवळजवळ सगळे याच खड्ड्यात पाय घालतात. इको गाण्याच्या पहिल्या ठोक्यापासून मोजला जात नाही, ज्या आवाजाचा तो इको आहे त्या आवाजापासून मोजला जातो. गायिकेनं तिसऱ्या मिनिटाला शब्द टाकला, तर त्याचा इको त्या शब्दानंतर ६४५ मिलिसेकंदांनी येणार, आधीच्या तीन मिनिटांचं ओझं त्याच्यावर नसतं. चूक साठत जाते ती एका शब्दाच्या शेपटीपुरती. आठ वेळा घुमला तर ०.१६ गुणिले ८, सव्वा मिलिसेकंद. तोवर आवाज विरलेला असतो. भाचीचा ६० मिलिसेकंदांचा धाक खरा ठरतो तो लूपच्या बाबतीत. ढोलकीचा एक तुकडा कापून तोच एकामागून एक फिरवत ठेवला, तर तिथं मात्र दशांशामागचे आकडे पाहिजेतच.

उलट टेम्पोच चुकीचा धरला तर दशांशांचा ढीगही वाचवत नाही. खरं गाणं ९३.५ वर आणि कॅल्क्युलेटरात ९३ टाकलं, की ठोक्यामागं साडेतीन मिलिसेकंदांचा फरक पडतो. आठव्या घुमीला तो २७ च्या पुढं जातो. मामांनी एवढंच उचललं.

मामा : म्हणजे पहिला आकडाच नीट पाहिजे. आणि तो कॅल्क्युलेटर देत नाही, तो माझ्याकडूनच घेतो.

भाची : टॅपवालं घ्या की मग. ठेका ऐकत बोट मारत जायचं, ते टेम्पो काढतं.

मामांनी लगेच प्रयोग केला. भिंतीपलीकडं माग चालू होता. धोट्याच्या फटक्यावर त्यांनी पडद्यावर बोट मारायला सुरुवात केली. चार टॅपनंतर ११६. पुन्हा चार, १११. मामा खूश, भाची वैतागलेली.

भाची : चार मारून काय होतं? सोळा तरी मारा.

तिचं म्हणणं सोप्या गणितानं सिद्ध होतं. पहिला टॅप आणि शेवटचा टॅप मिळून बोटाची ३० मिलिसेकंदांची गफलत झाली असं समजू. चार टॅपमधे तीन अंतरं, म्हणजे ठोक्यामागं १० मिलिसेकंदांची चूक. सोळा टॅपमधे पंधरा अंतरं, चूक २ वर आली. म्हणून टॅपची सोय असलेलं कॅल्क्युलेटर घेताना ते शेवटच्या दोन-चार टॅपचाच हिशोब धरतं की सगळ्यांचा, एवढं बघून घ्यावं. सोळा टॅपनंतर मागाचा आकडा ११३ वर स्थिरावला. मग मधेच आवाज जरा जड झाला.

मामा : बघ, लाईट डाऊन झाली. मागसुद्धा लय सोडतो, आणि तू तुझ्या गाण्यात हलगीवाल्याला ८० वर बांधून ठेवणार?

भाची : बांधलंयच. त्याच्या कानात क्लिक दिली होती रेकॉर्डिंगला.

मामा : स्टेजवर देणार का?

स्टेजवर देणार नव्हती. हलगीवाले क्लिक लावून वाजवत नाहीत, आणि रंगात आले की लय चढवतात. भजनातही तेच, बसल्या लयीत सुरू झालेला अभंग गजरापर्यंत कुठल्या कुठं पोचतो. चढत्या लयीला एकच आकडा देणारं कॅल्क्युलेटर तिथं तोकडं पडतं. भाचीचं उत्तर असं, की स्टेजवर टॅपचं बटण मामांच्या पायाशी ठेवायचं आणि लय चढली की पुन्हा मारायचं. मामांचं उत्तर असं, की लय चढली की इको कमीच करायचा, वेळ बदलत बसायचं नाही. जलद लयीत शब्दांमधे जागाच उरत नाही, तर इको पडणार कुठं? या मुद्द्यावर मी पूर्णपणे मामांच्या बाजूचा. फेडर खाली ओढणं हा इकोवरचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात भरवशाचा इलाज आहे.

पण ८० हा आकडा जिथून आला, तिथं मामांनी धरलेला प्रश्न याहून खोल निघाला.

मामा : ८० कशाचं?

भाची : ठोक्याचं.

मामा : कुठल्या ठोक्याचं? धा धी ना, धा ती ना. सहा मात्रा. टाळी एक, खाली एक. तू टाळीला एक आणि खालीला एक मोजतीस, म्हणून ८०. संबळवाल्याला विचार, तो मात्रा मोजंल. त्याच्या २४० होतात.

भाची : आणि माझ्या प्रोजेक्टवर १२० लिहिलंय. ६/८ लावलं, आणि सॉफ्टवेअरचा क्वार्टर दोन मात्रांचा झाला.

गाणं एक, आकडे तीन. आणि तिन्ही खरे. कागद घेऊन आम्ही मांडत गेलो. टाळीपासून खालीपर्यंत ७५० मिलिसेकंद, एक मात्रा २५० ची. आता कॅल्क्युलेटरात ८० टाकून ‘अर्धा ठोका’ घेतला तर ३७५ मिळतात. ३७५ म्हणजे दीड मात्रा. धा वर उच्चारलेला शब्द धी आणि ना यांच्या बरोबर मधल्या फटीत परत येणार. दादऱ्यात ती जागाच नाही. ऐकणाऱ्याला कारण कळणार नाही, पण गायिका पाय घसरल्यासारखी गाते आहे असं वाटत राहील. डॉटेड आठवा, म्हणजे पाऊण ठोका, घेतला तर ५६२.५, सव्वादोन मात्रा, आणखी वाईट. यूटू या आयरिश बँडचा गिटारवादक एज यानं याच डॉटेड आठव्यावर नाव कमावलं, १९८७ च्या ‘व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम’मधे तो स्वच्छ ऐकू येतो. तेव्हापासून जगभरची पोरं डोळे मिटून तोच लावतात. पण ते गाणं बहुतांश चारच्या हिशोबाचं. तीनच्या हिशोबात तो नुस्ता अडतो.

८० वर राहून बरोबर उत्तर हवं असेल तर ट्रिपलेटच्या, म्हणजे दोनाच्या जागेत तीन बसवणाऱ्या, रकान्यात जावं लागतं. आठव्याचा ट्रिपलेट २५०, एक मात्रा. क्वार्टरचा ट्रिपलेट ५००, दोन मात्रा. १२० टाकलं तर हेच आकडे साध्या रकान्यात मिळतात, २४० टाकलं तरीही. १२० आणि २४० मधे निवड चुकली तर काही बिघडत नाही, सगळे आकडे एक ओळ वर-खाली सरकतात एवढंच. ८० आणि १२० मधे चुकली तर गाणं बिघडतं. दुपटीची चूक माफ होते, दीडपटीची होत नाही. केहरव्यात आणि भजनी ठेक्यात आठ मात्रा, तिथं सगळं दोनाच्या पटीत चालतं, म्हणून तिथं कॅल्क्युलेटर कसलंही चालतं. दादरा आला की त्याची परीक्षा होते. आपल्या लोकसंगीतात तीनची चाल इतकी आहे, की ट्रिपलेटचा रकाना नसलेलं कॅल्क्युलेटर मराठी माणसानं घेऊच नये, मग ते दशांशानंतर कितीही आकडे दाखवो.

भाचीला इथं एक गोष्ट आठवली. १९८३ मधे वाद्यं आणि मशीन एकमेकांशी बोलावीत म्हणून मिडी ही पद्धत आली, तेव्हा तिच्या घड्याळात एका क्वार्टरचे २४ भाग धरले गेले.

भाची : चोवीसच का? दोननं भाग जातो, तीननंही जातो, चारनंही.

मामा : सोळा धरले असते तर दादरा मेला असता.

भाची : तुमच्या मिक्सरला मिडीची तार असती तर हा सगळा वाद झालाच नसता.

मामा : बरं झालं नाही ते.

ठोक्याचं ठरल्यावर मामांनी वेगळीच बाजू काढली. त्यांच्या मते अचूक ठोक्यावर पडलेला इको म्हणजे फुकट गेलेला इको. हलगीचा तडाखा जिथं पडतो तिथंच गायिकेच्या शब्दाची घूम पडली तर हलगी तिला गिळते. मैदानात तर गिळतेच.

मामा : म्हणून मी जरा मागं ठेवतो. ठोका पडून गेला की मग शब्द दिसला पाहिजे.

भाची : जरा म्हणजे किती?

मामा : जरा म्हणजे जरा.

भाची : वीस मिलिसेकंद? तीस?

मामा : तू लावून दाखव, मी थांब म्हणतो.

तिनं लॅपटॉपवर सिंक काढलं, ५०० टाकलं आणि पाच-पाचनं वाढवत गेली. मामा डोळे मिटून बसले होते. ५२५ ला म्हणाले, थांब. पुन्हा सुरुवातीपासून केलं, या वेळी उतरत्या क्रमानं, त्यांना न सांगता. ५२० ला थांबवलं. कान पक्का होता, यात वाद नाही. पण भाचीनं नेमकं हेच पकडलं, की पाचशेचा आकडा आधी माहीत होता म्हणून मामांचं ‘जरा’ मोजता आलं. कॅल्क्युलेटरचा उपयोग मला तरी इतकाच वाटतो आणि एवढा पुरेसा वाटतो. ते उभं राहायला जागा देतं, तिथून किती सरकायचं ते कान सांगतो. स्टुडिओत रोज बसणारे हेच करतात, फक्त कबूल करत नाहीत.

काही कॅल्क्युलेटरं डिलेबरोबर रिव्हर्बचीही वेळ देतात, वर ‘मोठा हॉल’, ‘लहान खोली’, ‘प्लेट’ अशी नावं लावून. मामांना हा प्रकार विनोदी वाटला. ह्याला आपलं मैदान कुठून कळलं, असं त्यांनी विचारलं. त्यांचा संशय रास्त आहे. त्या आकड्यांमागं कुठल्याही हॉलचं मोजमाप नसतं, टेम्पोचेच तुकडे करून त्यांना खोल्यांची नावं दिलेली असतात. सुरुवातीला हाताशी धरायला ठीक, त्यावर विश्वास टाकायची गरज नाही. कंपनाचा वेग हर्ट्झमधे देणारा रकाना मात्र कामाचा. हजार भागिले मिलिसेकंद, ५०० चे २ हर्ट्झ. ट्रेमोलो गाण्याच्या लयीत हलवायचा असेल तर तोच आकडा लागतो.

मग फोनमधल्या ॲपांची छाननी झाली. एकानं उघडताच मोबाईलमधले नंबर वाचायची परवानगी मागितली. भागाकाराला शेजाऱ्यांचे नंबर कशाला लागतात कोण जाणे. ते काढून टाकलं. दुसरं इंटरनेटशिवाय उघडेना. मामांनी आठवण करून दिली, की गड्ड्याच्या गर्दीत फोनच लागत नाही, तिथं इंटरनेट कुठलं? तेही गेलं. उरलेल्यांना भाचीनं एकच कसोटी लावली. १२० टाकायचं. क्वार्टर ५००, डॉटेड आठवा ३७५ आणि आठव्याचा ट्रिपलेट १६६.६७ आला तर ठेवायचं. एकानं ट्रिपलेटला ३३३.३३ दाखवलं. आकडा बरोबर, पण तो क्वार्टरच्या ट्रिपलेटचा, आणि कुठल्या ट्रिपलेटचा हे त्यानं लिहिलंच नव्हतं. घाईत असं कॅल्क्युलेटर दगा देतं. सरतेशेवटी एक अगदी साधं, जाहिराती नसलेलं, बिनइंटरनेटचं ॲप उरलं. मामांनी तेही नाकारलं.

मामा : मला पुठ्ठा दे लिहून. मिक्सरच्या झाकणाला आतून चिकटवतो. बॅटरी संपत नाही त्याची.

भाची : पुठ्ठ्यावर किती टेम्पो मावतील?

मामा : साठपासून दीडशेपर्यंत, पाच-पाचनं. मधलं मी बघतो.

यावर ती हसली नाही, हे मला आवडलं. पूर्वी स्टुडिओतही असे तक्ते मिक्सरशेजारी डकवलेले असत, हे तिला ठाऊक होतं. तिनं रकाने आखले. पहिला टेम्पोचा, मग पूर्ण ठोका, अर्धा, पाव, आणि ठोक्याचा तिसरा हिस्सा. इंग्रजी नावं टाळली, कारण वाचणार मामा होते. चिपच्या मर्यादेसाठी ३४० च्या वरचे आकडे लाल शाईत. दशांश एकही नाही. तिची दशांशांची हौस अशी एका दुपारीत निवली, याचं श्रेय मी गुपचूप स्वतःकडं घेतलं.

मामा : अजून एक रकाना घाल. मीटरचा.

भाची : त्याचा टेम्पोशी काय संबंध?

मामा : टेम्पोशी नाही, मिलिसेकंदाशी आहे. मैदानात मागं टॉप स्पीकर लावतो ना, त्याला वेळ द्यावी लागती. न दिली तर मागच्या माणसाला आधी टॉपचा आवाज येतो आणि मग स्टेजचा. तू एवढा हिशोब करून लावलेल्या इकोवर फुकटचा एक इको बसतो. शाळेच्या सहलीत विजापूरला गेलती ना? गोलघुमटात टाळी वाजवलीस?

भाची : सगळ्यांनीच वाजवली.

मामा : तिथला इको कुठल्या टेम्पोवर आहे सांग.

हा प्रश्न त्यांनी खोडीनं टाकला होता, पण त्याला उत्तर आहे. मोहम्मद आदिलशाहाच्या या कबरीच्या घुमटाचा आतला व्यास साधारण ३८ मीटर. सज्जात उभं राहून वाजवलेली टाळी पलीकडच्या भिंतीवर आपटून परत यायला ७६ मीटर जाते. हवेत आवाज सेकंदाला ३४६ मीटर धरला तर २२० मिलिसेकंद. सूत्र उलटं फिरवायचं. २२० ला अर्धा ठोका मानलं तर टेम्पो १३६ च्या आसपास येतो. तिथं गायचं तर त्याच लयीत गावं, नाहीतर घुमट तुमच्यावर स्वार होतो. १६५६ पासून त्यानं आपला टेम्पो कुणासाठी बदललेला नाही.

भाची : बरं, घालते मीटरचा रकाना. मागचा टॉप किती लांब?

मामा : साठ मीटर.

भाची : आवाजाचा वेग तापमानावर असतो. शून्याला ३३१, आणि दर अंशाला ०.६ वाढतो. चैत्रात कार्यक्रम, साऊंड चेक कधी?

मामा : दुपारी. बेचाळीस असंल.

भाची : म्हणजे ३५६ चा वेग. साठ मीटरला १६८ ते १६९ मिलिसेकंद.

मामा : आणि कार्यक्रम रात्री. तेव्हा तीस.

भाची : मग ३४९. १७२ मिलिसेकंद. साडेतीनचा फरक पडतो. रात्री बदलाल?

मामा : मी तसंही वर दहा-पंधरा जास्त देतो. त्यानं आवाज स्टेजवरूनच आल्यासारखा वाटतो.

हेल्मुट हास या जर्मन संशोधकानं १९४९ च्या प्रबंधात हेच मांडलं. तोच आवाज दोन ठिकाणांहून थोड्या मिलिसेकंदांच्या फरकानं आला, तर कान त्यांना एकच समजतो आणि जो आधी आला त्याच्या दिशेला वळतो. मामांनी हासचं नाव ऐकलेलं नाही आणि त्यांचं काही अडलेलं नाही.

भाची : मग तुमच्या पंधरात हे साडेतीन बुडाले.

मामा : बुडाले तर बरंच. नाही बुडाले तर आकडा राहू दे, मागचा टॉप अडीच हात स्टेजकडं सरकवू.